चकली अख्खी पोचवायची तर: फराळाचं पार्सल कसं बांधावं

दिवाळीचा फराळ मी चौदा वर्षं कुरिअरने पाठवते आहे. आधी दिल्लीला धाकट्या दिरांकडे, मग मुलीकडे जर्मनीत. मुलीकडे पहिलं पार्सल पोचलं तेव्हा तिने व्हिडिओ कॉलवर चकलीचा डबा कॅमेऱ्यासमोर तिरका केला. आतून वाळूसारखा चुरा सरकत आला, वर दोन-चार वेढे शिल्लक होते. "आई, चव तीच आहे गं, मी चमच्याने खाते," ती म्हणाली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

खोक्याचा मात्र एकही कोपरा चेपला नव्हता. तेव्हा कळलं, की चकली फुटते ती डब्यातल्या डब्यात हलून. एकीचे काटे दुसरीवर घासतात, काटे झडले की जागा मोकळी होते, मग ती आणखी हलते. आठ दिवसांच्या प्रवासात त्याचा भुगाच होतो. म्हणून आत काहीही हलता कामा नये, बाकी सगळं त्यानंतर.

काय पाठवायचं नाही ते आधी ठरवा. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या घरगुती पार्सलात दुधाचे पदार्थ चालत नाहीत, म्हणून पेढे, बर्फी, खव्याच्या करंज्या यादीतून काढा. साजूक तुपातले लाडूही मी दिल्लीलाच पाठवते. इतर देशांचे नियम वेगळे असतात, ते कुरिअरवाल्याला आधीच विचारा. तेलात बुडलेलं लोणचं नको. एक बरणी झिरपली तर सगळ्या फराळाला तोच वास लागतो.

शंकरपाळी आणि चिवडा जाड पिशव्यांत भरा, हवा दाबून काढा, तोंड बंद करा. विमानात हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे हवा राहिलेली पिशवी फुगते आणि शिवणीत उसवते.

आता चकली. इथे घाई करू नका.

पिशवीत चकली भरू नका, कितीही जाड असली तरी. व्हॅक्यूम पॅकिंगचा सल्ला हल्ली जो तो देतो. भाजणीला, मेतकुटाला, मसाल्याला ते उत्तम आहे. चकलीचा मात्र त्यात घात होतो, कारण हवा खेचली की प्लास्टिक काट्यांवर आवळतं आणि ते आपल्या डोळ्यांसमोर मोडतात. मी एकदा करून पाहिलंय, तुम्ही करू नका.

सरळ भिंतींचा गोल डबा घ्या, चकलीपेक्षा जेमतेम बोटभर रुंद. खाली निमुळता होणारा नको, त्यात खालच्या चकल्या कडेला अडकून तुटतात. डबा आणायला जाताना एक चकली बरोबर न्या आणि दुकानातच घालून बघा. दरवर्षी सोऱ्या तोच, माप तेच, त्यामुळे डबा एकदाच शोधावा लागतो. बटर पेपरच्या गोल चकत्या कापा. तळाशी चुरगाळलेला बटर पेपर, त्यावर चकली, चकती, चकली, चकती, अशी चवड रचा. कडेच्या फटीत बटर पेपरची सैलसर वळी उभी सरकवा. वर इतका कागद भरा, की झाकण लावताना हाताला किंचित विरोध जाणवला पाहिजे. मग डबा कानाजवळ धरून हलवा. खुळखुळ ऐकू आली तर उघडा आणि पुन्हा भरा. मी एकेक डबा तीन-तीनदा उघडलेला आहे. झाकणाभोवती टेप गुंडाळा, नाहीतर फुगलेल्या हवेने ते वर येतं.

पदार्थाला वर्तमानपत्र लावू नका. त्याच्या शाईत अन्नाला घातक द्रव्यं असतात आणि तळणीचं तेल ती लगेच ओढून घेतं.

करंज्या कडेवर उभ्या, पुस्तकांसारख्या दाटीने लावा. अनारसे आडवे, खसखशीची बाजू वर.

खोका पाच पदरी पुठ्ठ्याचा, कोरा. मापाबाबत काटेकोर राहा, कारण परदेशी कुरिअर बहुधा आकारमानावरचं वजन लावतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचं. ४० × ३० × ३० चा खोका ७.२ किलोचा धरला जातो, आत पाच किलोच फराळ असला तरी. ३५ × ३० × २४ चा घेतला तर हिशेब पाच किलोंच्या आसपास येतो. मोठा खोका म्हणजे जास्त पैसे आणि हलायला जास्त जागा.

तळाशी शंकरपाळी, मध्ये डबे. डब्यांना बबल रॅप गुंडाळताना फुगे आतल्या बाजूला ठेवा. डबे आणि खोका यांच्यात तीन बोटं जागा सोडून ती पुठ्ठ्याच्या घड्यांनी ठासून भरा. नुसता चुरगाळलेला पेपर इथे कामाचा नाही. वर चार पार्सलं चढली की तो बसतो, परत वर येत नाही, आणि पोकळी तयार होते. 'नाजूक' असं लिहिलेल्या स्टिकरवर विसंबू नका. सरकत्या पट्ट्यावरून खोका खाली पडतो तेव्हा ते वाचायला तिथे कोणी नसतं. खोका हातभर उंचीवरून पलंगावर टाकून बघा. त्याला तेवढं सोसलंच पाहिजे.

पत्ता आणि फोन नंबर लिहिलेली एक चिठ्ठी आतही टाका. पण घरून खोका चिकटवून नेऊ नका. परदेशी जाणारं पार्सल कुरिअरच्या दुकानात बहुतेकदा उघडून बघतात आणि मग त्यांच्या हाताने कसंही कोंबतात. पहिल्या वर्षी माझ्याबाबतीत हेही झालं होतं. टेप, कात्री, पदार्थांची इंग्रजीतली यादी आणि ओळखपत्राची प्रत घेऊन जा. त्यांचं बघून झालं की "मी भरते" असं स्पष्ट सांगा आणि स्वतः भरा. मधली फट आणि दोन्ही कडा, वर आणि खाली, रुंद टेपने बंद करा.

थंडीतून आलेला खोका उबदार घरात लगेच उघडला तर गार चकलीवर दमट हवेचं पाणी धरतं आणि ती मऊ पडते. म्हणून आतल्या चिठ्ठीत पत्त्याच्या खाली मी दरवर्षी लिहिते: तीन-चार तास थांब, मग डबे उघड.