घरकामगारांसाठी मोफत कायदा सल्ला केंद्र कसं चालवावं

शिबिरापुरता वकील सहज मिळतो. कस लागतो तो नंतर: मुदत सांभाळायला, बाईसोबत सरकारी ऑफिसात पुन्हा पुन्हा जायला. म्हणून आधी समन्वयक ठरवा, वकील मग शोधा.

वेळ आणि जागा. रविवारी दुपारी चारनंतर, वस्तीतल्या समाजमंदिरात. सोसायट्यांच्या जवळ नकोच. मालकिणीच्या कानावर गेलं तर दुसऱ्या दिवशी काम सुटतं.

वकील. तालुका विधी सेवा समितीला किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला पत्र द्या. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातल्या कलम १२ नुसार स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १५१०० हा हेल्पलाइन नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा.

पहिली भेट. इथे घाई करू नका. तिला सगळं बोलू द्या, मग चार गोष्टी टिपा: तारीख, जागा, नेमके शब्द, समोर कोण होतं. जातीवरून शिवीगाळ झाली असेल तर ॲट्रॉसिटी कायद्यात ती लोकांसमोर झाली का, याला फार महत्त्व आहे. बंद दाराआड झाली की जिन्यात वॉचमनच्या देखत, हे विचाराच. लैंगिक छळाची तक्रार तीन महिन्यांत द्यावी लागते. उशिराचं कारण तक्रार ऐकणाऱ्या समितीला पटलं तर आणखी तीन महिने मिळतात. घरकामगारांनी ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे द्यायची असते. लिहिता येत नसेल तर लिहून घ्यायला मदत करणं समितीवर बंधनकारक आहे, हे तिला ठामपणे सांगा.

वेगळा कप, वेगळी लिफ्ट अशा अपमानावर दर वेळी कोर्टात दाद मिळेलच असं नाही. तेही त्याच दिवशी स्पष्ट सांगा. खोटी आशा लावणं मला अन्यायच वाटतो. अशा वेळी कामगार संघटनेला सोबत घेऊन सोसायटीच्या कमिटीशी बोलणी करा.

पुरावे. मोबाइलवरचे मेसेज, पगाराच्या यूपीआय नोंदी, भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडलेले खाडे. फोटो काढा, मूळ कागद लगेच परत द्या.

वही. प्रत्येक प्रकरणाची शेवटची तारीख लाल शाईने लिहा. फोन किती वाजता करायचा आणि घरी तो कोण उचलतं, तेही विचारून ठेवा. तक्रार द्यायची की नाही, हे तिनंच ठरवायचं. नको म्हणाली तरी मुदतीची तारीख चिठ्ठीवर लिहून द्या. अडकलेला पगार हातात पडल्यावर ती परत येऊ शकते.