जिप्सीचं गिअर ऑइल: चारही ठिकाणी, घरच्या घरी

इंजिन ऑइल सगळेच वेळेवर बदलतात. खालच्या ऑइलची आठवण मात्र बहुतेकांना आवाज यायला लागल्यावर होते. मारुती जिप्सीत हे ऑइल एका जागी नसतं. गिअरबॉक्स, तिच्यापासून वेगळा बसवलेला ट्रान्सफर केस (इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारा), पुढचं डिफरन्शियल आणि मागचं डिफरन्शियल (ॲक्सलवरची, ताकद दोन्ही चाकांना वाटणारी गिअरची पेटी), अशा चार ठिकाणी ते स्वतंत्र असतं. गिअरबॉक्सला साधारण 1.3 लिटर लागतं, ट्रान्सफर केसला 0.8, पुढच्या डिफरन्शियलला 2 आणि मागच्याला 1.5. आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेत एकदा आकडे ताडून घ्या.

दोन्ही डिफरन्शियलमध्ये जीएल-5 दर्जाचं, 80डब्ल्यू-90 जाडीचं ऑइल घाला. आतल्या क्राउन-पिनियन या दातेरी चाकांचे दात एकमेकांवर घासत फिरतात, तो दाब झेलायला हेच लागतं. गिअरबॉक्समध्ये मात्र जीएल-4 घाला. जीएल-5 मधली गंधकयुक्त रसायनं सिंक्रोच्या (गिअर बदलताना गती जुळवणाऱ्या) पितळी रिंगा खाऊ शकतात. ‘एकच कॅन सगळीकडे’ हा दुकानदाराचा सल्ला इथे महागात पडतो.

गाडी पाच-सहा किलोमीटर फिरवून आणा, म्हणजे ऑइल पातळ होतं आणि तळाचा गाळही त्याच्याबरोबर येतो. मग सपाट जागी लावा. हँडब्रेक ओढा आणि चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. जिप्सी इतकी उंच आहे की पोतं अंथरून तशीच खाली सरकता येतं. जॅक नकोच. गाडी तिरकी झाली की लेव्हलही चुकते.

आता सगळ्यात महत्त्वाचं: ऑइल भरायचा वरचा बोल्ट आधी सोडवा, ऑइल काढायचा खालचा नंतर. वरचा बोल्ट वर्षानुवर्षं न हललेला असतो आणि कधीकधी दाद देत नाही. खालून ऑइल सांडून झाल्यावर हे कळलं, तर गाडी जागची हलवता येत नाही. आधी बोल्टची खाच खिळ्याने कोरून चिखल काढा, पाना पूर्ण बसवा, मगच जोर लावा. अर्धवट बसलेला पाना खाच गोल करून टाकतो.

परात खाली सरकवून खालचा बोल्ट काढा आणि बोटांवर पडणारं ऑइल नीट बघा. काळं पण एकसारखं असेल तर ठीक. दुधाळ, चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. पावसाळ्यात ओढा ओलांडताना तापलेलं हाउसिंग एकदम गार होतं, आतली हवा आकसते आणि ब्रीदर (हवा ये-जा करायचं छिद्र) चिखलाने बंद असला तर सीलमधूनच पाणी ओढलं जातं. अशा वेळी नवं ऑइल भरून शे-दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा बदला आणि ब्रीदर पेट्रोलने धुवा. नाहीतर पुढच्या पावसात तेच होईल. बोल्टला चुंबक असेल तर त्यावर करड्या लोण्यासारखा थर असतोच, तो पुसून टाका. बोटाला टोचणारे कण किंवा दाताचा तुकडा सापडला तर नवं ऑइल भरून उपयोग नाही, हाउसिंग उघडावं लागेल.

वायसर असेल तर नवा लावा. वायसर नसलेल्या, निमुळत्या आट्यांच्या बोल्टला थ्रेड सीलंट लावा. पान्याला पाइप जोडून आवळू नका. ट्रान्सफर केसचं हाउसिंग ॲल्युमिनियमचं आहे, तडकलं तर संपलं.

भरायला हातपंप उत्तम. नाहीतर दाबता येणारी बाटली आणि पारदर्शक नळी. ऑइल भोकाच्या काठापर्यंत येऊन बारीक धार बाहेर पडली की थांबा. डिफरन्शियलमध्ये ते ॲक्सलच्या नळ्यांत हळूहळू पसरतं, म्हणून दहा मिनिटांनी परत बघा. पहिल्या धारेला फसून बोल्ट लावला तर पाव लिटर सहज कमी पडतं. जास्त कोंबलं तरी गोची, कारण तापल्यावर ते सीलमधून ब्रेक ड्रममध्ये उतरतं.

खाली आहातच, तर प्रोपेलर शाफ्टच्या (डिफरन्शियलकडे ताकद नेणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसला आणि स्लाइडिंग जॉइंटला जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं मारा.

मग फोर व्हील टाकून दोनेक किलोमीटर फिरा, पण मातीवरच. कोरड्या डांबरावर वळताना पुढची-मागची चाकं वेगळ्या गतीने फिरू पाहतात आणि सगळा ताण ट्रान्सफर केसवर येतो. परत आल्यावर चारही बोल्टांखाली पुठ्ठा टाकून रात्रभर ठेवा. सकाळी डाग कुठे आहे त्यावरून कुठला बोल्ट परत बघायचा ते कळतं. जुनं ऑइल गटारात ओतू नका. कॅनमध्ये भरून वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.