कोपरखैरणे-घणसोलीला नवीन आलाय? आधी आपली हद्द माहीत करून घ्या

गावाकडनं नवीन येणारी पोरं रूम बघतात, डबा लावतात, पासचं बघतात, पण आपलं पोलीस स्टेशन कुठलं ते कुणी विचारत नाय, मग रात्री बाराला मला फोन, दादा आता कुणाला सांगू. मी पाटण तालुक्यातला, वडील मार्केटला माथाडी होते, वीसेक वर्षं झाली इथं. जे अनुभवानं कळलं ते सांगतो.

गावात बांधावरनं वाजलं की पोलीस पाटलाच्या ओट्यावर जायचं, तो दोघांना चहा पाजून मिटवतो. इथं पाटील नाय, जे काय असेल ते कागदावर पायजे.

पहिली गोष्ट हद्द. आधार कार्डावर जिल्हा ठाणे दिसतो म्हणून ठाणे पोलिसांकडं जाऊ नका, ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत जिल्हा ठाणे पण पोलीस आयुक्तालय नवी मुंबईचं, पुढं पनवेल-उरण रायगडात तरी तेही यांच्याकडंच. कळवा-मुंब्रा मात्र ठाण्याकडं.

112 ला, म्हणजे पोलिसांच्या तातडीच्या नंबरला, फोन लावला की आधी नोड सांगा (वाशी, नेरूळ, घणसोली असा भाग), मग सेक्टर. मी पहिल्यांदा लावला तेव्हा नुसतं सेक्टर 15 बोललो, मॅडम म्हणाल्या कुठलं सेक्टर 15? वाशीत आहे, नेरूळला आहे, ऐरोलीला आहे, बेलापूरला पण आहे! त्या अख्ख्या महाराष्ट्राचे फोन घेत असतात, आपली गल्ली त्यांना कुठनं माहीत असणार. जवळची शाळा, देऊळ, रूम नंबर, सगळं तयार ठेवा.

रात्री 10 ते सकाळी 6 स्पीकर बंद, हा 2000 सालचा केंद्राचा नियम आहे. सणासुदीला सरकार 12 पर्यंत सूट देतं पण ते वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस, हळदीचा डीजे त्यात बसत नाय. 112 ला तक्रार करताना आपलं नाव कुणाला सांगू नका असं फोनवरच सांगून ठेवा. बीट मार्शल बाईकवर येतात, आवाज कमी होतो, ते गेले की पंधरा मिनिटांत परत ढुम ढुम. परत फोन करा, स्वतः खाली उतरून वाद घालू नका, त्यांच्यातले निम्मे टाईट असतात.

आता मोबाईल. माझा लोकलमधनं मारला, घणसोली सुटतानाच. मी धावत घराजवळच्या पोलीस स्टेशनला, ते म्हणाले रेल्वेतली चोरी आमच्याकडं नाय, लोहमार्ग पोलिसांकडं जा. तिथं गेलो, लिहून घेतलं, मी दमलेलो, न वाचता सही ठोकली. घरी येऊन बघतो तर 'गहाळ' लिहिलेलं. गहाळ म्हणजे आपल्या हातनं हरवला, चोरी म्हणजे गुन्हा, एफआयआर. एका शब्दानं सगळं बदलतं, म्हणून सहीच्या आधी चार ओळी वाचा, साहेब गडबडीत असले तरी वाचा. 1 जुलै 2024 पासून जो नवीन कायदा आलाय त्यात स्पष्टच आहे, दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलीस स्वतःहून तपास करू शकतात, चोरी त्यातच येते) कुठल्याही हद्दीतला असो, समोरच्या पोलीस स्टेशननं नोंदवून घ्यायचा, झिरो एफआयआर म्हणतात त्याला, आणि कॉपी फुकट मिळते. नाहीच घेतली तर पोलीस उपायुक्तांना लेखी पाठवा. ती कॉपी आणि आयएमईआय नंबर असला की सीईआयआर या सरकारी पोर्टलवर हँडसेट ब्लॉक होतो, म्हणून बॉक्स नायतर बिल फेकू नका. यूपीआयनं फसवून पैसे गेले तर आधी 1930 या सायबर हेल्पलाईनला फोन, मग बाकीचं.

शेजाऱ्यानं शिवीगाळ केली तर बहुतेक एनसीच होते, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय त्यात तपास नाय, त्यामुळं लोक म्हणतात काय उपयोग, पण तोच माणूस सहा महिन्यांनी परत आडवा आला की तो जुना एनसी नंबर कामाला येतो.

गटार, पाणी, कुत्री हे पोलिसांचं नाय, महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसला. सोसायटीच्या आतलं पार्किंग सेक्रेटरीकडं.

आणि भाड्यानं राहत असाल तर पोलिसांकडची भाडेकरू नोंद, ऑनलाईन होते. एजंट म्हणेल मी करतो, मी करतो. पावतीचा स्क्रीनशॉट हातात आल्याशिवाय त्याचं ब्रोकरेज पूर्ण देऊ नका.