टीसीएलचे बिल तपासले, पोते तपासले का? ग्रामपंचायतींनी या चुका टाळाव्यात

ग्रामपंचायतीच्या खर्चाची तपासणी होते तेव्हा कोटेशन, पुरवठा आदेश, बिल आणि प्रमाणक (व्हाउचर) एकामागोमाग पाहिले जातात. मात्र त्या बिलावर आलेले टीसीएल पावडरचे, म्हणजे पाणी निर्जंतुक करण्याच्या ब्लीचिंग पावडरचे, पोते कुठे ठेवले आहे आणि त्यात क्लोरीन किती शिल्लक आहे, हे क्वचितच कोणी विचारते. अनुदानावरील देखरेख कागदापाशी थांबते, आणि गाव तर त्याच पोत्यातल्या पावडरवर पाणी पिते.

निधीबाबतची चूक ठरलेली आहे. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-22 ते 2025-26 या काळासाठी दिलेल्या अनुदानात 60 टक्के भाग बंधित, म्हणजे ठरवून दिलेल्या कामांसाठीच, होता. त्यातला निम्मा पिण्याच्या पाण्याशी निगडित कामांसाठी, तर निम्मा स्वच्छतेसाठी. ज्या खर्चाच्या शीर्षात शिल्लक दिसते त्यातून बिल भागवले आणि ती बाब विकास आराखड्यातच नसली, तर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो.

त्याहून गंभीर चूक म्हणजे वर्षभराची पावडर मार्चअखेर एकदम घेणे. ताज्या पावडरमध्ये सुमारे 33 टक्के क्लोरीन असतो आणि उष्णता, उजेड व दमटपणा यांमुळे तो सतत घटतो. मार्चमध्ये आलेले पोते एप्रिल-मेचा उन्हाळा पत्र्याखाली काढते, आणि गॅस्ट्रो व काविळीची साथ येण्याच्या दिवसांत, म्हणजे जेव्हा त्याची खरी गरज असते, तेव्हा ते निकामी झालेले असते. हजार लिटरला पाच ग्रॅम या नेहमीच्या प्रमाणाने 50,000 लिटरच्या टाकीत 250 ग्रॅम पावडर पडते. ती 33 टक्क्यांची असेल तर पाण्यात सुमारे 82 ग्रॅम क्लोरीन जातो. 15 टक्क्यांवर आलेली असेल तर जेमतेम 37 ग्रॅम. जलसुरक्षकाने, म्हणजे पाण्यात पावडर टाकणाऱ्या गावच्या कर्मचाऱ्याने, रोज चोख मोजून टाकले तरी शेवटच्या नळाला ओटी टेस्टमध्ये, म्हणजे पाण्यातला क्लोरीन दाखवणाऱ्या चाचणीत, पिवळा रंग येत नाही, आणि बोल मात्र त्यालाच लावला जातो. म्हणून खरेदी तीन-तीन महिन्यांची करावी, पोत्यावरील उत्पादनाची तारीख पाहूनच माल उतरवून घ्यावा आणि नमुना लगेच प्रयोगशाळेकडे पाठवावा.

ही पावडर घातक रसायन आहे, हे साठवताना विसरले जाते. कार्यालयातल्या लोखंडी कपाटाच्या बिजागऱ्या गंजून लाल झाल्या असतील आणि दार उघडताच डोळे चुरचुरत असतील, तर पोत्यातला क्लोरीन खोलीत उडतो आहे असे समजावे. शेजारीच संडास धुण्याचे ॲसिड, कीटकनाशक किंवा डिझेलचा डबा ठेवणे सर्वांत धोक्याचे. ॲसिड सांडून पावडरला लागले तर क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद खोलीत तो जीवघेणा ठरतो. तेलकट पदार्थाने आग लागू शकते. पावडर झाकणाच्या प्लास्टिक पिंपात, फळीवर, कोरड्या आणि हवेशीर जागी ठेवावी. द्रावण करताना पावडरवर पाणी न ओतता पाण्यात पावडर टाकावी, तीही मास्क व हातमोजे घालूनच. हे साहित्य आराखड्यात आवर्जून धरावे. घातक रसायनांबाबतचे 1989 चे नियम मोठ्या साठ्यांसाठी आहेत, त्यामुळे गावच्या दोन पोत्यांना धोका नाही, हा समज चुकीचा आहे. औद्योगिक वसाहतीलगतच्या गावांनी आणखी एक गोष्ट करावी: 1996 च्या रासायनिक अपघात नियमांनुसार नेमलेल्या स्थानिक संकट गटात गटविकास अधिकारी सदस्य असतात, त्यांच्याकडून आपल्या गावासाठीचा आपत्कालीन आराखडा मागून घ्यावा.

देखरेखीचे सर्वांत सोपे साधन म्हणजे नमुना 15, अर्थात उपभोग्य वस्तूंची साठा नोंदवही. रोज 250 ग्रॅम लागत असतील तर 25 किलोचे पोते शंभर दिवस पुरते. ते महिन्यात संपल्याचे दिसले, किंवा वर्षभर संपलेच नाही, तर दोन्ही वेळा ग्रामसभेने जाब विचारावा. नोंदवहीत तारीख, बॅच आणि प्रयोगशाळेचा अहवाल नसेल तर नुसत्या सहीवर बिल मंजूर करू नये.

अहवालात क्लोरीन 20 टक्क्यांहून कमी आला, तर प्रमाण वाढवून वेळ मारून नेऊ नये. ते पोते पिण्याच्या पाण्यासाठी तत्काळ बंद करावे, पुरवठादाराला लेखी कळवून माल बदलून मागावा, बिल थांबवावे आणि नवा साठा येईपर्यंत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने पर्यायी शुद्धीकरणाची सोय करावी. खराब पावडर विहिरीजवळ, ओढ्यात किंवा कचऱ्याच्या ढिगावर टाकू नये, जाळू तर मुळीच नये.