शाळा मधूनच सोडायची वेळ आली तर

लांब घंटा वाजवायची नाही. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या हायस्कुलात नोकरीला लागून मला अठ्ठावीस वर्षे झाली, आता मुख्याध्यापिका आहे, आणि नव्या शिक्षकांना मी पहिले हेच सांगते. तिठ्यावर टायर पेटलेत असा फोन येतो, कुणीतरी घाबरून शिपायाला "दे रे घंटा" म्हणतो आणि दोन मिनिटांत चारशे पोरे फाटकाबाहेर. मग कोण कुठे गेले, शोधत बसा.

मी यातून गेले आहे. १९८६ च्या डिसेंबरात राजभाषेचे (कोकणी की मराठी, या वादाचे) आंदोलन पेटले तेव्हा मी पणजीत आठवीला होते, घर मांडवी नदीपलीकडे बेतीला. मांडवीवरचा पूल त्याच जुलैत कोसळला होता, त्यामुळे घरी जायचे तर फेरीबोटीनेच. शाळेने दहा वाजता घंटा दिली. धक्क्यावर गेलो तर बोट सुटणार की नाही, कुणालाच ठाऊक नाही. ओळखीच्या एका बाईंनी आम्हा तिघींना घरी नेऊन हुमण-भात (माशाची आमटी आणि भात) वाढला. बाबा पणजीतच कामाला होते. ते दोनदा येऊन शाळेच्या कुलूप लावलेल्या फाटकासमोर उभे राहून गेले, हे मला संध्याकाळी सातला कळले.

म्हणून आमच्याकडे मुले वर्गातच बसतात आणि शिक्षक वर्गावर जाऊन सांगतात. तोवर मी दोन फोन करते, एक पोलीस ठाण्याला, दुसरा भागशिक्षणाधिकाऱ्यांना. व्हॉट्सॲपवर फिरणारा आदेश मी धरत नाही. जमावबंदी (पूर्वीचे कलम १४४, जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचे १६३) लागली म्हणजे शाळा आपोआप बंद झाली असेही नाही. आदेशात नेमके काय लिहिले आहे ते वाचून घ्यायचे.

मग वही. साधी दोनशे पानी वही, कपाटात नव्हे, माझ्या टेबलाच्या खणात. मुलाचे नाव, वाडा (गावातली वस्ती), दोन फोन नंबर, आणि न्यायला कोण येऊ शकते. कागदावरच हवी, मोबाइल ऐन वेळी बंद पडतात. जूनमध्ये भरायची आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा तपासायची, कारण पालक नंबर बदलतात आणि आम्हाला सांगत नाहीत.

मुलांचे गट वर्गावार न पाडता वाटेवार पाडायचे: गावातली चालत जाणारी, बालरथाची (शाळेची बस), कदंब (सरकारी बस) किंवा खासगी बसची, नार्व्याहून फेरीने दिवाडी बेटावर जाणारी. फेरीवाल्यांना धक्क्यावर फोन करून बोट चालू असल्याची खात्री झाल्याशिवाय हलवायचे नाही. बालरथाच्या ड्रायव्हरला मी एकच सांगून ठेवले आहे, वाद घालू नको. अडवणारे पुष्कळदा आजूबाजूच्या गावांतलेच असतात, गाडीत पोरे दिसली की वाट देतात. नाही दिली तर वळवून सरळ शाळेत परत यायचे. वाडीच्या तोंडाशी पोरांना उतरवून "जा आता चालत" हे चालणार नाही.

पालकांना एकच निरोप, एकाच नंबरवरून: "मुले शाळेतच आहेत, सुरक्षित आहेत. धावपळ करू नका. वहीत नाव असलेल्यानेच न्यायला यावे. पुढचा निरोप १२ वाजता." आणि बाराला निरोप द्यायचाच, नवीन काही नसले तरी. तो चुकला की सव्वाबाराला फाटकावर गर्दी होते.

नेणाऱ्याची सही आणि वेळ घ्यायची. शेजारचा काका मोटारसायकल घेऊन आला आणि मूल "हो, हो, ओळखते" म्हणाले तरी आईला फोन केल्याशिवाय सोडायचे नाही. लोक चिडतात. चिडू देत.

खाण्याचे आधीच बघून ठेवावे. माध्यान्ह आहाराची पावभाजी बचत गटाकडून येते, रस्ता बंद असला की येत नाही. नववी-दहावीला तर ती एरवीही नसते. मी चुरमुरे, गूळ आणि बिस्किटांचे पुडे डब्यात ठेवते, चतुर्थीनंतर बदलते. मुलींसाठी पॅडही.

राहिलेल्या मुलांना काय सांगावे? जेवढे खरे माहीत आहे तेवढेच. पण "ते लोक" हा शब्द स्टाफरूममध्येसुद्धा नको. त्या "लोकांची" दोन पोरे शेजारच्याच बाकावर बसून गूळ खात असतात.