रिअ‍ॅलिटी शोची प्रसिद्धी मालकीत कशी बदलावी

अमेरिकन रिअ‍ॅलिटी शोचं मानधन ही मजुरी असते, शूटिंग थांबलं की तीही थांबते. टिकणारा पैसा येतो तो स्वतःच्या मालकीच्या धंद्यातून, आणि शो ही त्या धंद्याची जाहिरात. त्यामुळे सगळ्यात महत्त्वाचं काम कॅमेरा सुरू होण्याआधीचं आहे: करार वाचणं.

वकिलाकडून तीन गोष्टी तपासून घ्या. शो चालू असताना काढलेल्या धंद्यात चॅनेलला वाटा आहे का? तुमचं नाव आणि चेहरा मालावर छापण्याचा हक्क कोणाकडे जातो? शो संपल्यावर ही बंधनं किती महिने राहतात? बेथेनी फ्रँकेलला 'द रिअल हाउसवाइव्हज ऑफ न्यूयॉर्क सिटी'च्या पहिल्या सीझनचे फक्त ७,२५० डॉलर मिळाले. पण धंद्यातल्या वाट्याचं कलम तिनं सही करण्याआधीच काढायला लावलं. २०११ मध्ये तिचा 'स्किनीगर्ल' कॉकटेल ब्रँड बीम या मद्य कंपनीनं विकत घेतला, तेव्हा चॅनेलच्या हाती त्यातलं काही लागलं नाही. पुढे अशा कलमालाच 'बेथेनी क्लॉज' म्हणू लागले. आज ते पूर्ण काढता आलं नाही, तर निदान ठरावीक रकमेच्या वरच्या विक्रीपुरतं मर्यादित करा, आणि आधीपासूनचा घरचा धंदा नावानिशी वगळून घ्या.

मग ट्रेडमार्क, म्हणजे ब्रँडच्या नावावरचा कायदेशीर हक्क. माल तयार नसला तरी 'वापरण्याचा इरादा' या आधारावर अर्ज करता येतो. अर्ज मालाच्या वर्गानुसार होतो: सौंदर्यप्रसाधनं वर्ग ३, कपडे वर्ग २५. प्रत्येक वर्गाची फी वेगळी. नाव आधी पारखून घ्या. रिअ‍ॅलिटी स्टार किम कार्दाशियननं २०१९ मध्ये अंतर्वस्त्रांना 'किमोनो' नाव दिलं, किमोनो हा जपानी पारंपरिक पोशाख असल्यानं जपानमधून विरोध झाला आणि ते बदलून 'स्किम्स' करावं लागलं.

पहिला माल एकच आणि मोजका काढा. किमची धाकटी बहीण कायली जेनरनं २०१५ मध्ये २९ डॉलरचे १५,००० लिप किट (लिपस्टिक आणि लायनरचे संच) आणले, म्हणजे सगळे विकले तरी साडेचार लाख डॉलरच्या आतच. ते काही मिनिटांत संपले. कारखाना तिचा नव्हता, माल दुसऱ्यांकडून बनवून घेतला होता. ब्रँड मात्र तिचा. म्हणूनच पुढे 'कोटी' (Coty) या सौंदर्यप्रसाधन कंपनीनं ५१ टक्के हिश्शासाठी ६० कोटी डॉलर मोजले. बाकीच्या हिश्शातला मोठा भाग तिच्याकडे राहिला.

घरच्यांशीही लेखी करार हवाच. किम आणि कायलीची आई क्रिस जेनर मुलांच्या कमाईवर मॅनेजर म्हणून १० टक्के घेते, तसा आकडा आधीच ठरवा. पगार वेगळा, हिस्सा वेगळा, आणि घटस्फोट झाला तर हिस्सा कोणाकडे जाईल हेही लिहून ठेवा. ही बोलणी अवघड वाटतात, पण भांडण झाल्यावर ती होतच नाहीत.

दुसऱ्याच्या मालाला स्वतःचं नाव देताना जास्त सांभाळा. २०१० मधलं 'कार्दाशियन कार्ड' हे प्रीपेड कार्ड वर्षाला ९९.९५ डॉलर घेत होतं. टीका झाली आणि काही आठवड्यांत ते बंद पडलं. अमेरिकेत गुंतवणुकीचा रोखा (सिक्युरिटी) मानल्या जाणाऱ्या क्रिप्टोच्या जाहिरातीत तर 'जाहिरात' एवढं लिहून भागत नाही, मोबदल्याची रक्कमही सांगावी लागते. किमनं एका पोस्टसाठी अडीच लाख डॉलर घेतले आणि रक्कम सांगितली नाही. २०२२ मध्ये एसईसी या अमेरिकी रोखे बाजार नियामक संस्थेशी तडजोड करताना तिला १२ लाख ६० हजार डॉलर भरावे लागले.