शाळेनंतर शिकाऊ उमेदवारी घ्यावी का, हे कसे ठरवावे

शाळा संपत आली की शिकाऊ उमेदवारीचा विचार बहुतेक घरांत सर्वांत शेवटी होतो, आणि तोही 'मार्क कमी पडले तर' या अटीवर. माझ्या मते ही सुरुवातच चुकते. अभ्यासाचा कंटाळा आला म्हणून उमेदवारी पत्करणारा मुलगा किंवा मुलगी पहिल्याच महिन्यात गोंधळते, कारण तिथेही हिशेब, आराखडे वाचणे, सुरक्षेचे नियम आणि परीक्षा असतातच. ज्या देशात ही पद्धत सर्वांत रुळलेली आहे त्या जर्मनीतही उमेदवार सर्वसाधारणपणे आठवड्यातील एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत बसतो आणि उरलेले दिवस कामाच्या जागी शिकतो.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा, की आपल्याला ते काम आवडते की त्या कामाची केवळ कल्पना आवडते. फिटरचे उदाहरण घ्या. यंत्रे जोडणारा, बिघाड शोधणारा कुशल माणूस डोळ्यांसमोर असतो. प्रत्यक्षात सुरुवातीला हातात येते ती धातू घासायची कानस आणि लोखंडाचा एक ठोकळा. ठोकळा शेगड्यात, म्हणजे तो घट्ट पकडून ठेवणाऱ्या साधनात, आवळायचा, कानस चालवायची, काटकोन तपासायचा गुण्या लावून उजेडाकडे धरायचा, आणि कडेखालून उजेडाची रेघ दिसली की पुन्हा शेगड्यात आवळायचा. खांदे भरून येतात, आणि जास्त घासले गेले तर तो ठोकळा वाया जातो. हे करताना चिडचिड होते की रेघ बारीक होत जाण्यात मन रमते, यावरून पुष्कळ काही कळते. स्वयंपाकघर, छापखाना किंवा कार्यालय, प्रत्येक व्यवसायात असा एक ठोकळा असतोच. परवानगी मिळत असेल तर करारापूर्वी दोन-तीन दिवस त्या जागी जाऊन केवळ बघत उभे राहावे.

दुसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि तो क्वचितच विचारला जातो: शिकवणार कोण? संस्थेचे नाव मोठे असले तरी उमेदवाराच्या वाट्याला येतो तो एखादाच कारागीर किंवा पर्यवेक्षक, आणि त्याला शिकवण्यासाठी वेळ दिलेला नसेल तर उमेदवार हा फक्त स्वस्तातला मदतनीस ठरतो. एका जाणत्या माणसाकडे किती उमेदवार असतात, कोणत्या महिन्यात काय शिकवायचे याचा लेखी कार्यक्रम आहे का आणि दुसऱ्या टप्प्यातील उमेदवार आज कोणते काम करीत आहेत, हे स्पष्ट विचारावे. शक्य झाल्यास अशा एखाद्या उमेदवाराशी साहेब जवळ नसताना बोलावे. झाडलोट आणि सामान उचलणे सर्वांनाच करावे लागते, त्यात कमीपणा नाही. मात्र सहा महिने झाले तरी तेवढेच काम असेल तर तिथे शिक्षण होत नाही, असे खुशाल समजावे.

करार पालकांसह सावकाश वाचावा. मुदत, विद्यावेतन, कामाचे तास, रजा, शेवटी मिळणारे प्रमाणपत्र आणि मध्येच सोडल्यास होणारे परिणाम त्यात लिहिलेले असले पाहिजेत. भारतात १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार उमेदवार हा कामगार नसून प्रशिक्षणार्थी असतो. तो अल्पवयीन असल्यास करार पालकामार्फत होतो, आणि प्रशिक्षणाच्या कामातून अपघाती इजा झाल्यास भरपाईची जबाबदारी मालकावर येते. उमेदवारी पूर्ण केलेल्यांना नोकरीत घेण्याचे धोरण २०१४च्या दुरुस्तीनुसार मालकच ठरवतो, त्यामुळे 'नंतर कायम करून घेऊ' हे तोंडी आश्वासन करारात नसेल तर ते नाहीच असे धरून चालावे. विद्यावेतनातून प्रवास आणि राहण्याचा खर्च वजा करून मगच आकडा पाहावा. जो व्यवसाय पदवीशिवाय करताच येत नाही तो मनात असेल, तर ही वाट तिथे पोहोचवणार नाही. पुढे पदविका किंवा पदवीकडे वळण्याचा नुसता विचार असेल, तर हे प्रमाणपत्र तिथे ग्राह्य धरतात का, ते त्या संस्थेकडूनच जाणून घ्यावे.

इतके करूनही शंका उरतेच. जर्मनीच्या कायद्यात यासाठी एकमेकांना पारखण्यासाठी एक ते चार महिन्यांचा काळ ठेवला आहे आणि त्या काळात दोन्ही बाजूंना पूर्वसूचनेशिवाय करार सोडता येतो. आपल्या करारात अशी सोय आहे का ते तपासावे, आणि नसली तरी चौथ्या महिन्याच्या अखेरची तारीख वहीत लिहून ठेवावी. तोवर दर आठवड्याला, मागच्या आठवड्यात येत नव्हती अशी कोणती गोष्ट आता जमते, याची एक ओळ त्याच वहीत लिहावी. सलग तीन-चार आठवडे लिहायला काहीच सुचले नाही तर वही घेऊन आधी शिकवणाऱ्याकडे जावे, आणि तिथे दाद लागली नाही तर करार ज्या कार्यालयात नोंदवला आहे तिथे.